बोंबलाचे स्पेलिंग

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी मी या महाविद्यालयात दाखल झालो तेव्हा पहिल्या आठ दिवसांतच मला एक पदवी मिळाली. माझे गाव दातिवरे. सफाळे स्टेशनावर उतरून एस. टी. ने पश्चिमेकडे जात राहिले की जिथे रस्ता आणि जमीन दोन्ही संपतात, तिथले. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला वैतरणेचे मुख आणि पलीकडे अर्नाळ्याचा किल्ला. गावाचे नाव सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे मासळीवालेच ना?" त्यात माझी अंगकाठी ही अशी! तेव्हा मागच्या बाकावरच्या कोणा कविमनाच्या मित्राने मला 'सुका बोंबील' म्हणून टाकले आणि सर्व वर्गाने ते एकमताने मान्य केले. बी. ए. ची पदवी मिळायची तेव्हा मिळेल. ही मात्र फी न भरता मिळाली.

त्याच महिन्यात आणखी एक फजिती झाली. इंग्रजीच्या तासाला उतारा मोठ्याने वाचायचा होता. त्यात केस विंचरण्याचा 'कोम' आला. सी, ओ, एम, बी. मी तो खणखणीत 'कोंब' असा वाचला. आमच्या घरात इंग्रजी वाचणारा मी पहिलाच; जी अक्षरे दिसतात ती वाचायची असतात, असे आम्ही धरून चाललेले. वर्ग हसला. मागून कोणी तरी म्हणाले, "बोंबलाला कोंब फुटला!" तास संपल्यावर सरांनी मला थांबवून घेतले. मला वाटले, आता समजावणीचे चार शब्द ऐकावे लागणार. सर एवढेच म्हणाले, "ग्रंथालयात 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा कोश आहे. त्यात तुझ्या बोंबलाचे स्पेलिंग शोधून आण." प्रस्तुत लेख हे त्या शोधाचे फळ आहे. ते यायला मात्र एक वर्ष लागले.

आधी या कोशाविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. कर्नल हेन्री यूल आणि मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी आर्थर बर्नेल या दोघांनी मिळून तो रचला. बर्नेलसाहेब १८८२ साली वारले आणि ग्रंथ १८८६ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९०३ मध्ये विल्यम क्रुक यांनी त्याची वाढवलेली आवृत्ती काढली. हिंदुस्थानात राहिलेल्या इंग्रजांच्या बोलण्यात जे इकडचे शब्द शिरले, त्यांचा हा कोश. प्रत्येक शब्दाखाली तो कोणत्या साली, कोणी, कोणत्या स्पेलिंगने लिहिला हे क्रमाने दिलेले असते. ग्रंथाचे नावसुद्धा असाच एक शब्द आहे. मोहरमच्या मिरवणुकीत 'या हसन! या हुसेन!' असा आक्रोश चालतो. तो गोऱ्या शिपायांच्या कानांत शिरून 'हॉब्सन-जॉब्सन' होऊन बाहेर पडला. हॉब्सन आणि जॉब्सन ही चांगली इंग्रजी आडनावे आहेत. परका शब्द ऐकू आला की कान त्याला आपल्याच घरातले कपडे चढवतो, हे कोशकर्त्यांनी ग्रंथाच्या नावातच सांगून टाकले आहे.

या कोशात बोंबील सापडायला मला अर्धा तास लागला. मी 'बी, ओ' मध्ये शोधत होतो. तो सापडला 'बी, यू' मध्ये. आणि एक नव्हे, निरनिराळ्या रूपांत.

पहिले रूप १६७३ सालचे आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर त्या साली मुंबईत आला. त्याच्या प्रवासाचे पुस्तक १६९८ मध्ये छापले गेले. त्यात तो माझगावविषयी लिहिताना सांगतो की हे कोळ्यांचे मोठे गाव असून ते एका माशासाठी प्रसिद्ध आहे आणि त्या माशावर गरिबांचा गुजारा चालतो. माशाचे नाव त्याने लिहिले आहे ते असे : बी, यू, एम, बी, ई, एल, ओ, डब्ल्यू. म्हणजे 'बंबेलो'. हे वाचताना मला आमचे अंगण आठवले. साडेतीनशे वर्षांपूर्वी एक परका डॉक्टर माझगावच्या किनाऱ्यावर उभा राहून बोटाने दाखवत विचारतो आहे, हे काय? आणि टोपलीमागची एखादी बाई, हा एवढेही ओळखत नाही याचे नवल करत, उत्तर देते आहे. तिचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. तिचा एक शब्द मात्र, मोडकातोडका का होईना, छापला गेला. हा प्रसंग अर्थात मी कल्पनेने रंगवला आहे. पण असे कोणी तरी सांगितल्याशिवाय का फ्रायरला तो शब्द कळला असेल?

दुसरा साक्षीदार म्हणजे आपल्या इंग्रजी विभागाला पूज्य असलेला बॉस्वेल. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांच्याबरोबर त्याने १७७३ मध्ये स्कॉटलंडच्या बेटांचा प्रवास केला आणि १७८५ मध्ये त्यावर पुस्तक काढले. १८ ऑगस्टच्या हकिकतीत एडिंबरोजवळच्या लीथ बंदरावर त्याने 'स्पेल्डिंग' नावाची खारवून वाळवलेली मासळी विकत घेऊन जॉन्सनसाहेबांना आग्रहाने चाखायला लावली. त्यांनी तुकडा तोंडात धरला खरा, पण तो त्यांना रुचला नाही. त्यावरच्या टिपेत बॉस्वेल सांगतो की त्याच्या ओळखीच्या मद्रासच्या गव्हर्नराच्या म्हणण्याप्रमाणे अशीच मासळी मुंबईलाही करतात आणि तिला 'बंबालो' म्हणतात. येथे 'ई' जाऊन 'ए' आला, 'डब्ल्यू' गळाला. १७५५ साली इंग्रजीचा जगप्रसिद्ध शब्दकोश ज्याने एकहाती रचला, त्या माणसाची आणि सुक्या मासळीची अशी भेट व्हावी आणि ती त्याला आवडू नये, याचे मला थोडे वाईट वाटले. असो, गव्हर्नरांचे म्हणणेही शंभर टक्के खरे नाही. आमच्याकडे बोंबील वाळवताना मीठ लावत नाहीत.

मारिया ग्रॅहम ही विदुषी १८०९ मध्ये मुंबईत आली. १८१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या पुस्तकात हा मासा उन्हात वाळवून सकाळच्या न्याहारीला खिचडीबरोबर खातात, अशी नोंद आहे आणि स्पेलिंग 'बंबेलो', पण शेवटच्या 'डब्ल्यू'वाचून. पुढच्याच वर्षी जेम्स फोर्ब्स आपल्या आठवणींच्या ग्रंथात 'बंबालो' लिहितो. १८७७ मध्ये रिचर्ड बर्टन सिंधविषयीच्या पुस्तकात 'बमालो' लिहितो आणि शेजारीच 'बोबिल' असेही रूप देतो. आणि यूलसाहेब आपल्या कोशात मथळ्याला 'बमेलो' घालतात. आजच्या इंग्रजी कोशांत 'बमालो' हे रूप राहिले आहे. फ्रायरचे आठ अक्षरांचे स्पेलिंग आता कोणी लिहीत नाही, ते मेले.

येथपर्यंत नुसती यादी झाली. खरी गंमत पुढे आहे. आपण म्हणतो बोंबील. मग शेवटी 'ओ' आला कुठून? आणि 'बों' चा 'बं' का झाला? इंग्रजांनी ऐकताना चूक केली, असे म्हणून मोकळे होता येते, आणि बरेच दिवस मी तसाच मोकळा झालो होतो. उत्तर मला ग्रंथालयात मिळाले नाही, सफाळ्याच्या बाजारात मिळाले. माझी आई तिथे सुकी मासळी घेऊन बसते. सुट्टीच्या दिवशी मी ओझे उचलायला जातो. एक दिवस एक गुजराती बोलणारे वृद्ध गृहस्थ आले आणि म्हणाले, "बूमला केम आप्या?" आईने भाव सांगितला, त्यांनी घासाघीस केली, व्यवहार झाला. मी मात्र तिथेच उभा. गुजरातीत अनेक असले की बूमला. एक असला की बूमलो! घोडा तो घोडो, दिवा तो दीवो, तसा. ज्या 'ओ' साठी मी इंग्रजांच्या कानांना दोष देत होतो, तो डहाणूपलीकडच्या रोजच्या बोलण्यात होता.

आता इतिहासाचा क्रम पाहावा. इंग्रजांची वखार सुरतेला १६१३ पासून होती. मुंबई बेट कंपनीकडे आले ते १६६८ मध्ये. म्हणजे जवळजवळ दोन पिढ्या त्यांनी गुजराती बोलणाऱ्या मुलखात काढल्या, आणि मुंबईत येताना त्यांच्याबरोबर दुभाषे, दलाल, व्यापारी हेही सुरतेकडून आले. तेव्हा शब्दाचे शेपूट गुजराती असणे अगदी संभवनीय वाटते. परंतु फ्रायरच्या स्पेलिंगमध्ये 'एम' नंतर जो 'बी' आहे, तो गुजराती बूमलोत नाही. तो आपल्या बोंबलात आहे. हा फरक एकट्या बोंबलाचा नाही. आपण म्हणतो कांबळे, गुजरातीत कामळो. आपण म्हणतो लिंब, गुजरातीत लीमडो. 'म' नंतरचा 'ब' मराठीने जपला, गुजरातीने गिळला. म्हणून माझा तर्क असा की फ्रायरचे 'बंबेलो' हे अर्धे मराठी, अर्धे गुजराती आहे : मधला 'ब' माझगावच्या कोळणीचा आणि शेवटचा 'ओ' सुरतेच्या दुभाष्याचा. जाणकारांनी हा तर्क खोडून काढल्यास मी कान पकडीन. परंतु आमच्या ठाणे-पालघरच्या किनाऱ्यावर या दोन भाषा रोज एकाच टोपलीत हात घालतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आणि पुढे बर्टनच्या वेळेपर्यंत तो मधला 'ब' इंग्रजीतूनही का गेला असावा? येथे मला माझा 'कोंब' आठवला. कंगवा, कोकरू आणि अंगठा या तिन्हींच्या इंग्रजी शब्दांत 'एम' नंतर 'बी' लिहितात आणि तो कोणी उच्चारत नाही. एके काळी इंग्रजीत तो उच्चारला जाई, मग जिभेने टाकला, लेखणीने ठेवला. ज्या कारणाने वर्ग मला हसला, तेच कारण बोंबलाच्या मधल्या 'ब' लाही भोवले असेल काय? तसे असेल तर पाच-सहाशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात माझे वाचन बरोबर धरले गेले असते. हे सरांना सांगितले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "परीक्षेत मात्र आजचाच उच्चार कर."

पोर्तुगीजांनी याच माशाचे काय केले तेही सांगतो. ब्लुतो यांच्या मोठ्या पोर्तुगीज कोशाच्या १७२७ च्या पुरवणीत हिंदुस्थानातील एक फार चवदार मासा म्हणून 'बांबुलिं' हा शब्द दिला आहे. वसईपासून वरचा हा सारा किनारा १५३४ पासून चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या विजयापर्यंत पोर्तुगीजांकडे होता, तेव्हा बोंबील त्यांच्या ताटात पोचला यात नवल नाही. त्यांनी शेवटी जोडलेला अनुस्वार पाहण्यासारखा आहे. वसईचे त्यांनी 'बसाईं' केले, मुंबईचे 'बोंबाईं' केले आणि बोंबलाचे 'बांबुलिं' केले. गाव असो की मासा, नाकातून काढल्याशिवाय त्यांना तो शब्द पुरा झालासा वाटत नसावा.

आता वाचक विचारतील की हे सारे ठीक, पण इंग्रजीत बोंबलाला 'बॉम्बे डक' म्हणतात ना? म्हणतात, आणि 'बंबेलो' ला मारले ते बहुधा याच नावाने. याविषयी एक गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते : मुंबईहून टपाल घेऊन जाणाऱ्या गाडीत सुके बोंबीलही असत, डब्याला वास येई, त्या वासाला लोक 'बॉम्बे डाक' म्हणत आणि 'डाक' चे 'डक' झाले. गोष्ट चटपटीत आहे, पण तारखा जुळत नाहीत. आपल्या देशात पहिली आगगाडी बोरीबंदर ते ठाणे अशी धावली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. आमच्या बाजूने सुरतेकडे रूळ गेले ते १८६४ मध्ये. आणि 'बॉम्बे डक' हे शब्द १८१५ च्या सुमारासच्या छापील मजकुरात सापडतात. त्याहूनही आधी, १८०३ मध्ये, पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले एल्फिन्स्टन एका पत्रात मुंबईच्या सैन्यातील लोकांना 'डक्स' म्हणतात. शिवाय आपल्याकडचा रुळलेला शब्द टपाल. डाक हा उत्तरेकडे अधिक चालणारा. म्हणजे गाडी यायच्या पन्नास वर्षे आधी बदक येऊन बसले होते.

मग बदक का? कोशकर्त्यांनी यासाठी इंग्लंडातल्याच एका सुक्या मासळीचा दाखला दिला आहे. तिला 'डिग्बी चिक', म्हणजे डिग्बीचे कोंबडीचे पिल्लू, म्हणत. मला हे पटते. इंग्रजांना गरिबाच्या खाण्याला श्रीमंताच्या ताटातले नाव देऊन हसण्याची खोडच आहे. पावावर चीज वितळवून खाल्ले की ते त्याला 'वेल्श रॅबिट' म्हणत. म्हणजे वेल्समधल्या माणसाला ससा परवडत नाही, त्याचा ससा हाच. तसेच हे मुंबईचे बदक. फ्रायरने जे सरळ लिहिले की यावर गरीब जगतात, तेच येथे थट्टेने म्हटले आहे. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. 'बंबेलो' लिहिणाऱ्याने निदान आमच्या माणसाला नाव विचारले होते. 'डक' म्हणणाऱ्याने विचारले नाही, आपल्या मनाने ठेवले. आणि टिकले ते दुसरे! १९९७ साली युरोपात उघड्यावर वाळवलेल्या बोंबलाच्या आयातीवर बंदी आली (ती पुढे अटी घालून सैल झाली), तेव्हा इंग्लंडातल्या खवय्यांनी मोहीम चालवली तीही 'बॉम्बे डक' वाचवण्याची. बोंबील वाचवा, असे कोणी म्हटले नाही.

शास्त्रीय नावाची कथा वेगळी नाही. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेतील माशांवर ग्रंथ लिहिला, त्यात बंगालमधले 'नेहरे' हे नाव घेऊन या माशाला 'नेहेरेउस' केले. तेथेही मराठीला जागा मिळाली नाही. यूलसाहेबांनी मोल्सवर्थच्या मराठी कोशातील 'बोंबील' हा शब्द दिला आहे, तरी दोन्ही नावांचे मूळ अस्पष्ट आहे असाच शेरा मारला आहे. कोळणीने सांगितले, मोल्सवर्थने लिहिले, तरी अस्पष्ट!

रागाच्या भरात मी हे घरी आजीला सांगितले. दिवाळीच्या सुट्टीचे दिवस होते आणि आम्ही वलांडीवर बोंबील घालत होतो. ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो : खांब उभे करून त्यांना आडव्या दोऱ्या बांधतात, ती वलांडी. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. त्याचे दात आतल्या बाजूला वळलेले असतात, म्हणून जोडी वाऱ्याने सुटत नाही. ओला बोंबील म्हणजे निम्म्याहून कितीतरी अधिक पाणीच. तीन-चार उन्हे बसली की त्याची काडी होते. आजीने हातातली जोडी माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "मूळ कसलं शोधतोस? तोंड बघ की. आ वासून बोंब मारतोय, म्हणून बोंबील." काय सुंदर व्युत्पत्ती! बोंब, बोंबलणे, बोंबलाचे; सारे कसे जुळून येते. मी ती वहीत लिहून सरांना दाखवली. सरांनी विचारले, "आणि डाकेची गोष्ट तू खोटी का ठरवलीस?" मी म्हणालो, पुरावा नाही म्हणून. "मग हिला आहे का?" माझ्याकडे उत्तर नव्हते. ध्वनी जुळला आणि चित्र डोळ्यांपुढे उभे राहिले, एवढ्यावर डाक खोटी आणि बोंब खरी असे म्हणता येत नाही. आजीची आहे म्हणून ती मला अधिक खरी वाटते, इतकेच. ती मी येथे व्युत्पत्ती म्हणून देत नाही, आजीचे बोलणे म्हणून देतो.

हे सगळे शोधताना एक गोष्ट न शोधता हाती लागली. १८८२ सालच्या ठाणे जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटिअरात मी आमचे गाव पाहिले. तेव्हा पालघर तालुका नव्हता, माहीम तालुका होता. पालघर जिल्हा तर १ ऑगस्ट २०१४ चा. तिथे गावाचे नाव आहे 'दांतिवरा' आणि खाडीही 'दांतिवरा'ची. स्पेलिंगमध्ये स्वच्छ 'एन' आहे. प्रथम मी हसलो. साहेबाला साधे दातिवरे लिहिता आले नाही! नंतर आठवले की आपले आजोबा-पणजोबा गांव, नांव, दांत असेच लिहीत. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांना शासनाने मान्यता दिली आणि न उच्चारले जाणारे हे अनुस्वार आपण पुसून टाकले. तेव्हा तो 'एन' साहेबाची चूक नसून, आपणच पुसलेले एक टिंब त्याच्याकडे राहून गेले असावे. बोंबलाचा अनुस्वार मात्र वाचला, कारण तो आपण अजून उच्चारतो.

परवा हजेरी चालू असताना मागच्या बाकावरून पुन्हा तीच हाक आली, "ए सुक्या बोंबला!" मी मागे वळून विचारले, "स्पेलिंग कोणते लिहू? १६७३ चे की १८७७ चे?" सरांनी हजेरीपटातून मान वर केली नाही, पण ते हसत होते हे मला दिसले.